हातचे यंत्र आणि बाजारचे यंत्र

सकाळच्या प्रहरी 40 मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास, दोन हौशी रेडिओवाले एकमेकांना भेटले की त्यांच्या बोलण्याला एक ठरलेला क्रम असतो. आधी आवाज कसा पोहोचतो त्याचा अहवाल, मग नाव, मग गाव, आणि एवढी ओळख पटली म्हणजे आपल्याकडील हॅम मंडळी ज्याला 'वर्किंग कंडिशन' म्हणतात तो भाग येतो : संच कोणता, शक्ती किती वॉट, एरियल कोणती आणि किती उंचीवर. पलीकडच्या गृहस्थाने एखाद्या जपानी कारखान्याचा क्रमांक सांगितला, तर ऐकणारा तो आपल्या नोंदवहीत टिपतो आणि पुढे जातो. पण 'रिग होमब्रू आहे' एवढे तीन शब्द कानी पडले, की हवापाणी, प्रकृती, मुलेबाळे हे सारे विषय मागे राहतात आणि शेवटच्या टप्प्यात काय वापरले, कॉइल कशावर गुंडाळली, पेटी कोठे करून घेतली, कंप्रता तासाभरात किती सरकते, या प्रश्नोत्तरांत अर्धा तास कसा निघून जातो ते दोघांनाही कळत नाही. ज्या विद्येतील माणसे एकमेकांना हाच प्रश्न इतक्या आस्थेने विचारतात, तिच्यात घरचे यंत्र आणि बाजारचे यंत्र हा भेद केवळ किमतीचा नाही, हे उघड आहे. आणि तो नेमका कशाचा आहे, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण पुष्कळांना तिची कल्पना नसते. पोलिसांचा बिनतारी संच, जहाजावरचा किंवा विमानातला प्रेषक, आपल्या खिशातला मोबाईल, ही सारी प्रक्षेपण करणारी यंत्रे होत. पण ती कारखान्यात तयार होतात, ठरलेल्या कसोट्यांना उतरतात, आणि वापरणाऱ्याने ती उघडून आतील मंडलात फेरफार करावा अशी कोणतीच राजवट त्याला मुभा देत नाही. हौशी रेडिओवाला हा याला मोठा अपवाद आहे. स्वतः कागदावर आखलेला, स्वतःच्या टेबलावर जोडलेला आणि जगात ज्याची दुसरी प्रत नाही असा प्रेषक तो आपल्या एरियलला जोडू शकतो. या मुभेच्या मोबदल्यात सरकार त्याची परीक्षा घेते. आपल्या देशात 1978 सालच्या हौशी सेवेच्या नियमांन्वये केंद्र सरकारचे दूरसंचार खाते ही परीक्षा घेते, आणि तिच्यात नियमांबरोबर विद्युत्शास्त्र व रेडिओविद्या यांचे ज्ञान तपासले जाते. नुसते बोलण्यासाठी एवढी परीक्षा लागली नसती. दूरध्वनीवर बोलणाऱ्याची कोणी परीक्षा घेत नाही. घडविण्याचा अधिकार हा या परवान्याचा गाभा आहे, आणि तो अंगावर जबाबदारीही टाकतो. घरच्या प्रेषकातून 7.05 मेगाहर्ट्झबरोबर त्याची दुप्पट 14.1 आणि तिप्पट 21.15 मेगाहर्ट्झही बाहेर पडू लागले, तर त्याचा जाब कारखानदाराला विचारता येत नाही. तो परवानाधारकालाच द्यावा लागतो.

हा अधिकार कोणी उदार होऊन बहाल केला असे नाही, कारण आरंभी घडविण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. 1912 साली अमेरिकेच्या कायद्याने हौशी मंडळींना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलून दिले, ते त्या लहरी निरुपयोगी आहेत अशा समजुतीने. त्या टाकाऊ मुलुखात या मंडळींनी आपल्या हातच्या यंत्रांनी जे केले, त्याने तज्ज्ञांचे हिशेब चुकीचे ठरले. 1921 च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे एका तंबूत बसलेल्या पॉल गॉडली या अमेरिकी हौशी तज्ज्ञाने कनेटिकट राज्यातील 1बीसीजी या हौशी केंद्राचा संदेश अटलांटिकपलीकडून ऐकला. 1923 च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील लिओन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे 100 मीटर लहरीवर समुद्राच्या दोन्ही काठांवरून एकमेकांशी संभाषण केले. आणि 18 ऑक्टोबर 1924 रोजी न्यूझीलंडमधील शॅग खोऱ्यातला फ्रँक बेल लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी बोलला, म्हणजे पृथ्वीचा जवळजवळ अर्धा घेर त्या दोघांनी ओलांडला. ज्या लघुलहरींवर पुढे देशोदेशींची नभोवाणी उभी राहिली, त्यांची पारख एका शाळकरी मुलाच्या टेबलावरही झाली, ही गोष्ट मला आजही हलवून सोडते.

हिंदुस्थानात 1921 साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी 2जेके या खुणेने आणि त्याच वर्षी मुकुल बोस यांनी 2एचक्यू या खुणेने या विद्येचा ओनामा केला. पुढे 1939 साली महायुद्ध पेटले तेव्हा हौशी केंद्रे बंद करून प्रेषक पोलिसांच्या हवाली करण्याचे लेखी हुकूम सुटले. अशा बंदीच्या दिवसांत, 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा प्रेषक कोणत्याही दुकानातून सरळ मिळणे शक्य नव्हते. तो नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतल्या जाणकाराच्या हातून उभा राहिला, आणि पकडले जाऊ नये म्हणून मुंबईत या घरातून त्या घरात हलविला जात राहिला. 12 नोव्हेंबर 1942 रोजी छापा पडेपर्यंत ते केंद्र 42.34 मीटर लहरीवर बोलत होते. या आकड्याचा हिशेब करून पाहावा : प्रकाशाच्या वेगाला 42.34 ने भागले म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ येतात. हा हॅम मंडळींचाच 40 मीटरचा पट्टा. घरी प्रेषक बांधणाऱ्याला ज्या पट्ट्याची कॉइल हातची होती, त्याच पट्ट्यात तो आवाज उमटला. आज त्या पट्ट्यावर सकाळी गप्पा मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाने ही गोष्ट जाणून घ्यावी, असे मला वाटते.

आता बाजारातल्या यंत्राकडे वळू. अमेरिकेत 1930 नंतर ही बाजारपेठ आकाराला आली. शिकागोची हॅलिक्राफ्टर्स आणि मॅसॅच्युसेट्समधील नॅशनल या कंपन्या ग्राहकसंच करू लागल्या, तर आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स या गावी आर्थर कॉलिन्स नावाच्या तरुणाने, जो स्वतः लहानपणापासून हौशी रेडिओवाला होता, प्रेषक बांधून विकण्याचा उद्योग उभारला. तरीही त्या काळात एक वाटणी लोकांच्या मनात पक्की होती : ग्राहक विकत घ्यावा, प्रेषक मात्र घरी बांधावा. यामागे कारण होते. चांगल्या ग्राहकसंचात पुष्कळ मंडले एका तालात चालावी लागतात आणि तबकडीवरचे आकडे अचूक जुळावे लागतात, तर साध्या प्रेषकाला दोनतीन व्हॉल्व्ह पुरतात.

तो साधा प्रेषक कसा असे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. एक आंदोलक, एक मधला टप्पा आणि शेवटी 807 नावाचा, डोक्यावर धातूची टोपी असलेला व्हॉल्व्ह. त्याच्या प्लेटला पाचसहाशे व्होल्टांचा दाब, म्हणून डावा हात खिशात ठेवून उजव्यानेच काम करावे असा दंडक. एरियलच्या जागी विजेचा एक साधा 40 वॉटचा दिवा जोडायचा. कळ दाबली की मीटरची सुई एकदम वर उसळते. मग कंडेन्सरची मूठ केसभर फिरवीत जावे, तो एका जागी सुई झटकन खाली झुकते. याला 'डिप' म्हणतात. प्लेटचे मंडल सुरात आल्याची ती खूण. मग जोडणीचा दुसरा कंडेन्सर हळूहळू फिरवावा, सुई पुन्हा थोडी वर आणावी, पुन्हा डिप शोधावा, आणि असे चारपाच वेळा करता करता समोरच्या दिव्याची तार आधी लालसर, मग नारिंगी, मग पांढरी होत जाते. त्या दिव्याला घरातल्या विजेची तार कोठेही जोडलेली नसते. तो आपण बांधलेल्या कॉइलमधून आलेल्या रेडिओशक्तीवर पेटलेला असतो. अनुनाद ही कल्पना मी पुस्तकात अनेकदा वाचली होती. ती समजली मात्र त्या दिव्यापुढे.

असे यंत्र आपल्या चुकाही लपवीत नाही. माझ्या पहिल्या प्रेषकाचा मोर्सचा प्रत्येक ठोका चिमणीसारखा 'चिंव्' असा वाजत असे, आणि ऐकणारे तसे नम्रपणे कळवीत असत. दोन रविवार गेल्यावर कारण सापडले : आंदोलकाला आणि 807 ला मी एकाच वीजपुरवठ्यावर टांगले होते, कळ दाबताच 807 जड प्रवाह ओढी, दाब खाली बसे आणि त्या धक्क्याने आंदोलकाची कंप्रता सरके. आंदोलकाला निराळा, स्थिर दाब दिला तेव्हा आवाज शिट्टीसारखा स्वच्छ झाला. विकतच्या संचात हा दोष आढळला असता तर मी तो दुरुस्तीला पाठवला असता, आणि तो बरा होऊन परत आला असता. पण वीजपुरवठा हा प्रेषकाचाच अवयव आहे, हे मला कळले नसते.

मग घडविणारे हात थांबले कशाने? आळसाने, पैसा आला म्हणून, जपानी संच स्वस्त झाले म्हणून, अशी उत्तरे दिली जातात, आणि ती सर्वस्वी खोटी नाहीत. तरी माझ्या मते खरे कारण एका तांत्रिक सुधारणेत आहे, आणि ती सुधारणा म्हणजे सिंगल साइडबँड. जुन्या पद्धतीच्या भाषणप्रक्षेपणात पूर्ण आवाजाच्या वेळी दोन तृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत जाते, आणि तिच्यात बोलण्याचा अंशही नसतो. उरलेली एक तृतीयांश दोन बाजूंच्या पट्ट्यांत सारखी वाटली जाते, आणि त्या दोहोंत मजकूर एकच असतो. म्हणजे कामाची शक्ती एक षष्ठांश. वाहक आणि एक बाजू काढून टाकली, की तेवढ्याच शक्तीत आवाज कितीतरी दूर जातो आणि जागा निम्मी लागते. युद्ध संपल्यावर 1947 पासून हौशी मंडळींनी ही पद्धत नेटाने उचलली आणि पुढील दोन दशकांत ती सर्वत्र झाली. तिच्या गुणांविषयी वाद नाही. परंतु नको ती बाजू कापून काढायला स्फटिकांचे किंवा यांत्रिक रचनेचे अतिशय काटेकोर गाळणे लागते, ऐकणाऱ्याला कंप्रता थोड्या हर्ट्झपर्यंत जुळवावी लागते, आणि प्रेषक व ग्राहक एकाच पेटीत एकच गाळणे वापरतील तर खर्च निम्मा होतो. ही सारी कारखान्याच्या सोयीची कामे. 1957 चा कॉलिन्सचा केडब्ल्यूएम-1 हा अशा एकाच पेटीतला संच होता, आणि 1970 नंतर जपानच्या याएसू, ट्रायो, आयकॉम या कंपन्यांनी तशा पेट्या जगभर पोहोचविल्या. ज्या माणसाने तीन व्हॉल्व्हांचा प्रेषक एका आठवड्यात बांधला होता, त्याच्यापुढे आता वीस टप्प्यांचे यंत्र उभे राहिले. त्याने हातातली सोल्डरिंगची इस्त्री खाली ठेवली, तर त्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

मिशिगनमधील हीथ कंपनीने यावर एक मधला मार्ग काढला होता. ही मुळात घरी जोडावयाच्या विमानांचे सुटे भाग विकणारी कंपनी. तिने 1947 साली युद्धातून उरलेल्या मालावर ऑसिलोस्कोपचा सुटा संच काढला, आणि पुढे हौशी रेडिओची यंत्रे त्याच तऱ्हेने विकली. पुस्तिकेतील प्रत्येक पायरीपुढे एक रिकामी जागा असे. रोधक बसविला, सोल्डर केला, की तेथे खूण करायची. अशा रीतीने यंत्र बांधता येई आणि ते पहिल्याच प्रयत्नात चालेही. मात्र तसे का चालते, हे पुस्तिका वाचूनही कळेलच असा भरवसा नसे. 1992 च्या सुमारास कंपनीने सुटे संच विकणे बंद केले.

आपल्या देशाची कथा थोडी निराळी आहे. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आणि वर भारी जकात, त्यामुळे जगात घरी बांधणे मागे पडले तेव्हाही येथे ते चालूच राहिले. लष्कराने मोडीत काढलेले ग्राहक मुंबईच्या चोरबाजारात आणि सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर शोधणे हा आमच्याकडील अनेकांचा रविवारचा उद्योग असे. 1980 च्या दशकात, राजीव गांधी या स्वतः परवानाधारक हॅम असलेल्या पंतप्रधानांच्या काळात, हौशी उपकरणांवरील जकातीत सूट मिळाली आणि बाजारचे संच येथेही दिसू लागले. टंचाईने शिकवले हे खरे; पण टंचाईचे गोडवे गाणे मला पटत नाही. साधा स्फटिक मिळाला नाही म्हणून ज्यांचा प्रेषक कपाटातच राहिला, अशी माणसेही मी पाहिली आहेत.

आणि म्हणूनच हैदराबादच्या अशर फरहान यांच्या कामाचे मोल मला फार मोठे वाटते. त्यांची हाकखूण व्हीयू2ईएसई. 2003 च्या सुमारास त्यांनी बिटएक्स नावाचा 20 मीटरचा, म्हणजे 14 मेगाहर्ट्झचा, सिंगल साइडबँड संच आखला, आणि ज्या अडचणीने लोकांच्या हातून इस्त्री सुटली होती तिच्याच मुळाला हात घातला. महागडे गाळणे विकत घेण्याऐवजी त्यांनी संगणकात वापरले जाणारे 10 मेगाहर्ट्झचे स्वस्त स्फटिक एका ओळीत जोडून गाळणे बनविले. मूठभर स्फटिक आणावेत, एका आंदोलकात एकेक लावून कंप्रता मोजावी. सगळ्यांवर 10 मेगाहर्ट्झ असेच छापलेले असले तरी प्रत्येकजण शेदीडशे हर्ट्झ इकडेतिकडे असतो. त्यांतले अगदी जवळजवळचे चार निवडले की गाळणे तयार. विवर्धक त्यांनी दोन्ही दिशांना काम करणारे आखले, त्यामुळे तीच मंडले ऐकताना एका बाजूने आणि बोलताना दुसऱ्या बाजूने चालतात आणि भागांची संख्या घटते. शेवटच्या टप्प्यात वीजपुरवठ्याच्या यंत्रांसाठी केलेला आयआरएफ510 हा स्वस्त ट्रान्झिस्टर. त्यातून पाचसहा वॉट मिळतात. आणि कॉइलसाठी परदेशी गाभा मिळत नसेल तर? त्यांनी नळाचा वॉशर वापरला. नळदुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या लहानशा कड्यावर तांब्याची मुलामी तार एकेक वेढा शेजारीशेजारी घट्ट बसवीत जाताना बोटांना जे समाधान लाभते, ते सांगून कळणारे नाही.

फरहान यांनी आराखडा सर्वांना खुला ठेवला, आणि जगभरच्या लोकांनी तो बांधला. पुढे 2016 नंतर त्याच वंशातले तयार फलक हैदराबादेतील महिलांचा एक गट जोडू लागला, आणि ते देशोदेशी गेले. येथे घरचे आणि बाजारचे यांची सीमा पुसट होते : फलक विकतचा, पण पेटी, बदल आणि दुरुस्ती घरची, आणि आराखडा हाती असल्याने आत काय चालले आहे ते कोणापासून लपलेले नाही. ज्या संचाचे मंडल मालकाला वाचता येते, तो विकत घेतलेला असला तरी मी त्याला परका मानणार नाही.

पाचसहा वॉटांनी काय होणार, ही शंका नवख्याला हमखास येते. तिचे उत्तर हिशेबानेच द्यावे. बाजारचा नेहमीचा संच 100 वॉटचा. घरचा 5 वॉटचा. प्रमाण वीसपट, म्हणजे 13 डेसिबेल. ग्राहकाच्या मापपट्टीवर एक एस-अंश हा 6 डेसिबेलचा, तेव्हा वीसपट शक्तीचा फरक ऐकणाऱ्याला दोन एस-अंशांहून किंचित जास्त एवढाच दिसतो. शांत सकाळी जो 100 वॉटांना एस-9 भरेल, तो 5 वॉटांना एस-7 च्या आसपास भरेल, आणि संभाषण बिनबोभाट पार पडेल.

परंतु सगळ्याच सकाळी शांत नसतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर भागात हौशी रेडिओवाले संपर्कासाठी धावले. 26 डिसेंबर 2004 रोजी सुनामी आली तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे आधीच मोहिमेवर गेलेल्या भारती प्रसाद यांच्या चमूने आपला संच निरोपांच्या कामाला लावला आणि मुख्य भूमीशी दुवा राखला. अशा वेळी मापपट्टीवरचे ते दोन अंशही मौल्यवान ठरतात, आणि अनोळखी माणसाने संचाची मूठ हाती घेतली तरी तो चालला पाहिजे, गाडीच्या बॅटरीवर दिवसरात्र तग धरला पाहिजे. घरच्या यंत्राची प्रत्येक खोड त्याच्या निर्मात्यालाच ठाऊक असते, आणि निर्माता तेथे असेलच असे नाही. जिवाशी गाठ असलेल्या कामाला मी कारखान्यात कसून तपासलेलाच संच निवडीन, आणि दुसऱ्यांनाही तोच निवडायला सांगेन.

एक वस्तू मात्र या साऱ्या वादातून पहिल्यापासून बाहेर राहिली आहे, ती म्हणजे तारेची एरियल. लाखभर रुपयांचा संच टेबलावर ठेवणारा मनुष्यही गच्चीवर तांब्याची तार स्वतःच्या हातांनी ताणतो. 143 ला मेगाहर्ट्झने भागले की अर्धलहरी एरियलची मीटरमध्ये लांबी मिळते, 7.1 मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे 20 मीटर येते. ती मधोमध कापावी, तेथे केबल जोडावी, टोकांना न ओलावणारा दोर बांधावा, आणि मोजून थोडी थोडी छाटत सुरात आणावी. खर्च थोडा, आणि संचाच्या किमतीपेक्षा परिणाम या तारेच्या उंचीवर अधिक अवलंबून.

म्हणून ज्या वाचकाला हा परवाना घ्यावयाचा आहे, त्याला माझे एवढेच सांगणे आहे : पहिला संच विकत घ्यावा, निःसंकोच घ्यावा, पण त्याची एरियल दुसऱ्याकडून बांधवून घेऊ नये. आणि परवाना मिळाल्यापासून वर्षाच्या आत, मोर्सचा एक वॉटी का होईना, एक प्रेषक स्वतः बांधावा, त्याच्यापुढे लहानसा दिवा लावून डिप शोधावा, आणि तो पेटला की एखाद्या सकाळी 40 मीटरवर यावे. वर्किंग कंडिशन विचारणारा कोणीतरी तेथे नक्की भेटेल.